बाटलीवरचं इंग्रजी

नववीचा निकाल लागला तेव्हा माझी नात इंग्रजीत नापास झाली होती. बाकी सगळ्या विषयांत निघाली, इंग्रजीत अडकली. शाळेनं सांगितलं, जूनमध्ये फेरपरीक्षा आहे. तीत पास झाली तर दहावीत बसवू, नाहीतर पुन्हा नववी.

आमचं गाव गंगापूर तालुक्यातलं आणि धंदा मेंढरांचा. माझा लेक आणि सून दिवाळी झाली की मेंढरं घेऊन बाहेर पडतात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. पोरीची शाळा बुडू नये म्हणून मी तिला घेऊन शहरात, मुकुंदवाडीला एका खोलीत राहत होते. निकाल मी लेकाला फोनवर सांगितला. तो म्हणाला, "फेरपरीक्षेत निघाली तर करू दे दहावी. नाय निघाली तर दिवाळीपासून येऊ दे आमच्यामागं. हात कमी पडायलेत."

त्याचं फार चुकलं असंही मी म्हणत नाही. चौथी झाल्यावर मीही मेंढरांमागंच गेले आणि मेले नाही. पण मेंढरांमागं गेलेली पोर परत वर्गात बसली, असं आमच्या भावकीत मी एकदाही पाहिलेलं नाही. वर्षभरात तिचं लग्न लावून मोकळे होतात. माझी नात तेव्हा पंधराची होती.

मी शाळेत जाऊन इंग्रजीच्या बाईंना भेटले.

"आजी, ही सगळं पाठ करते," त्या म्हणाल्या. "निबंध पाठ, पत्र पाठ, धडा पाठ. प्रश्न जरा फिरवून विचारला की हिचं संपलं."

"मग काय करू? पाठ करू नको म्हणू?"

"वाचायला लावा. काय मिळेल ते इंग्रजी, रोज, मोठ्यानं. वाचून वाचून शब्द वाढतात. वाक्य कसं बसतं ते डोक्यात जातं. तुम्ही काय व्याकरण शिकून मराठी बोलायला लागलात का?"

"नाय."

"तसंच आहे."

मला ते पटलं. घरी येताना मी विचार करत होते की वाचायला द्यायचं काय. पुस्तक तर तिला तोंडपाठ होतं, त्यातलं ती डोळे मिटून म्हणायची. बाई म्हणाल्या होत्या, काय मिळेल ते. आमच्या खोलीत जे इंग्रजी होतं ते मी सगळं काढून तिच्यापुढं मांडलं. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांचा घडी घातलेला कागद, मेंढरांच्या जंताच्या औषधाची रिकामी बाटली, शाम्पूच्या पुड्या, कुकरबरोबर आलेलं पुस्तक, बिस्किटांचे पुडे, चार्जरचं खोकं.

"आजे, हे वाचू?" ती म्हणाली.

"इंग्रजी हाय ना? मग वाच."

उन्हाळा कडक होता. पत्रा तापायचा. दुपारी शेजारच्या बाया ओट्यावर टेकायच्या आणि आमच्याकडं बघून हसायच्या. पोरगी बाटली हातात घेऊन मोठ्यानं वाचायची आणि मी समोर बसायची. ती बरोबर वाचते की चूक, हे मला कळत नव्हतं. ती कुठं अडखळते तेवढंच कळायचं. अडखळली की मी म्हणायची, "परत." शब्दाचा अर्थ विचारायची. ठाऊक नसला तर आधीच्या-नंतरच्या शब्दांवरून काढ म्हणायची.

गोळ्यांच्या कागदावर ‘इफ यू मिस अ डोस’ असं काहीतरी होतं. शाळेत पोरी इंग्रजीच्या बाईंना ‘मिस’ म्हणतात. पोरीनं बराच विचार केला आणि मला सांगितलं, "आजे, डोस मिसनं द्यायचा म्हणं. म्हणजे नर्सबाईनं."

"मला कुठली नर्स गोळी द्यायला येतीय?"

"तसंच लिवलंय."

मी औषधाच्या दुकानात जाऊन विचारलं. दुकानदार पोटभर हसला. "मावशी, डोस घ्यायचा राहून गेला तर काय करायचं, ते लिहिलंय." मी हसले नाही. महिना होत आला होता आणि आमच्या पोरीला ‘चुकणं’ म्हणजे बाई वाटत होती.

तरी वाचन सोडलं नाही. दुसरं काही हातात नव्हतं. हळूहळू तिचं अडखळणं कमी झालं. औषधाची बाटली तर ती पाण्यासारखी वाचायला लागली. मला वाटलं, बसलं आता. मी तिला म्हटलं, पाठ नसलेलं एक पत्र लिही, मैत्रिणीला गावी बोलव. तिनं लिहिलं. ते घेऊन आम्ही दोघी बाईंच्या घरी गेलो.

बाई वाचायला लागल्या आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. मग माझ्यासाठी त्यांनी ते मराठीत करून सांगितलं. "प्रिय मैत्रिणी, माझ्या गावी ये. थंड आणि कोरड्या जागी राहा. ऊन लागू देऊ नकोस. जेवणाआधी चांगली हलव. सांगितल्यापेक्षा जास्त घेऊ नकोस. गेल्यावर झाकण घट्ट लाव."

पोरगी खाली मान घालून उभी.

"बाई, हसू नका. तिचा बाप यायलाय. काय करायचं ते सांगा."

त्यांनी डोळे पुसले आणि कागद पुन्हा नीट वाचला. "आजी, गंमत म्हणजे व्याकरण एकाही ठिकाणी चुकलेलं नाही. काय वाचायला देत होता हिला?"

मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "बाटलीवर सगळे हुकूम असतात. हे कर, ते करू नको. तिथं ‘मी’ नसतो आणि ‘काल’ नसतो. हिला ‘काल मी गेले’ एवढं लिहिता येत नाही, कारण तिनं ते कुठं वाचलंच नाही. गोष्टीचं पुस्तक बघा. कुणीतरी स्वतःचं सांगतंय असं."

त्यांच्याकडचं एखादं देतील म्हणून मी थांबले, पण त्यांची पुस्तकं बदलीआधीच्या गावी राहिली होती. शाळेचं कपाट सुट्टीत बंद होतं. परीक्षेला थोडेच दिवस उरले होते. मी दुसऱ्या दिवशी शहागंजात रद्दीवाल्याकडं गेले.

"अम्मा, क्या होना?" त्यानं विचारलं.

"इंग्रजी किताब होना."

"कौनसी क्लास की?"

"क्लास की नको. जिसमें आदमी खुद की बात बोलता, वैसी."

त्यानं शेजारच्या दुकानदाराला हाक मारली. "सुन रे, अम्मा को बोलनेवाली किताब होना!" मग मला म्हणाला, "अम्मा, बोलता सो मोबाइल. किताब तो गूंगी रहती."

"तू चूप बैठ. मैं देखती."

मी ढिगाजवळ बसले. इंग्रजीतला ‘मी’ कसा असतो ते पोरीनं मला पाटीवर काढून दाखवलं होतं. एक उभी काठी, बस. दोन्ही बाजूंना जागा सोडून एकटी उभी. वाक्यात कुठंही आली तरी मोठीच काढायची, बोलणारा भिकारी का असेना. मी एकेक पुस्तक उघडून काठी शोधायला लागले. संगणकाच्या पुस्तकात एकही नव्हती. मोटारीच्या पुस्तकात नव्हती. एका जाड पुस्तकात पानोपानी दिसल्या म्हणून मी खूश झाले, तर एका काठीखाली दोन काठ्या, त्याखाली तीन. ते नुसते घड्याळावर असतात तसले आकडे होते. फेकून दिलं. शेवटी तळाला एक कव्हर फाटलेलं पोरांचं पुस्तक लागलं. त्याच्या प्रत्येक पानावर काठ्या, बाभळीच्या काट्यांसारख्या पसरलेल्या.

"ये दे," मी म्हटलं.

"पढेगा कौन, अम्मा? तुम?"

"तेरे को क्या करना?"

गोष्ट एका पोरीची होती. समुद्राकाठी मामाकडं राहते, मामाची होडी जुनी आहे, आणि ती स्वतःच सगळं सांगते. पहिले काही दिवस फार वाईट गेले. बाटलीवर चार शब्दांत वाक्य संपायचं, इथं ते ओळी-ओळी चालायचं. क्रियापद शेवटी यायची वाट बघत पोरगी वाक्याच्या टोकाला जायची, आणि ते तर मधेच कुठंतरी होऊन गेलेलं असायचं. ती रडायची. मी तिला रडू द्यायची आणि रडून झालं की म्हणायची, "परत."

"ह्यांचं कशाचं काय व्हतंय!" ती एकदा पुस्तक आपटून म्हणाली. "‘गो’चं ‘वेंट’ कसं झालं? एक अक्षर जुळंना."

"आपल्या ‘जा’चं काय होतं?"

"गेली."

"‘जाली’ का नाय होत?"

ती हसली, बऱ्याच दिवसांनी. त्यानंतर तसले शब्द तिनं पाठ केले नाहीत. गोष्टीत ते इतक्यांदा यायचे की तोंडात बसले. ‘लीक’ हा शब्द तिला येत नव्हता. होडीपाशी आला, पाण्यापाशी आला, मामा बादलीनं पाणी उपसतो तिथं पुन्हा आला, आणि ती ओरडलीच, "आजे, गळतीय! होडी गळतीय!" तो शब्द तिला कुणी सांगितला नव्हता. मी तर नाहीच.

मला वाटतं तेव्हा तिला इंग्रजी लागायला सुरुवात झाली. पण नुसती सुरुवात, आणि परीक्षा दारात.

लेक आणि सून मेंढरं गावी भावकीकडं लावून परीक्षेच्या आदल्या दिवशी खोलीवर आले. लेक म्हणाला, "वाचून दाखव बरं." तिनं दाखवलं. त्यानं मला विचारलं, "माय, बरूबर हाय का?"

"मला काय कळतंय? तुला कळलं का?"

"नाय."

"मग दोघांनी गप बसू."

पेपर झाल्यावर पोरगी बाहेर आली ती चेहरा पाडूनच. पत्र चांगलं लिहिलं म्हणाली. गावाला काय काय केलं ते सगळं ‘काल’चं करून लिहिलं. पण नंतर एक लांब उतारा होता, वाचून उत्तरं लिहायची. तिला वाचायची सवय मोठ्यानं. ती पुटपुटायला लागली तर पर्यवेक्षक म्हणाले, ओठ हलवू नको. ओठ मिटले की तिला वाक्य लागेना. एकेक ओळ परत परत वाचण्यात वेळ गेला. उताऱ्याची उत्तरं कोरी राहिली.

ती पुन्हा नापास झाली. बाईंनी मला पेपर दाखवला. पत्राला त्यांनी जवळजवळ सगळे गुण दिले होते. "आजी, हिनं स्वतःच्या मनानं लिहिलंय. सहा महिने आधी सुरू केलं असतं ना..." त्यांनी पेपर मिटला. बरं केलं. सहा महिने आधी आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. वाचून इंग्रजी येतं हे खरं आहे, पण ते आपल्या चालीनं येतं, आणि आमच्याकडं तेवढा वेळ नव्हता.

लेकानं निकाल ऐकला आणि म्हणाला, "झालं मग. ठरलं तसं."

"नववी परत करू दे."

"माय, हात कोण देणार? तिची आई एकटी कोकरं बघती, भाकरी करती, पाणी आणती."

"मी येते."

तो हसला. "तू? तू कोकरं धरशील का कोकरं तुला धरतील?"

"कोकरं बसून धरता येतात. भाकरी बसूनच करतात. सुनेला ठेव हितं पोरीजवळ, मी येते तुझ्यासंगं."

"अन् गुडघे?"

"ते पण येतील."

सुनेनं लगेच खोलीतला झाडू उचलला आणि झाडायला लागली. मला तेवढं पुरलं. लेक दोन दिवस धुसफुसला. त्याला माझ्याशी भांडून जिंकायची सवय नाही. शेवटी म्हणाला, "एक वरीस. पुढं मला काय सांगायचं नाय."

यात माझा काही मोठेपणा नाही. मला मेंढरांचं काम येतं, इंग्रजी येत नाही. जे येतं ते मी देतेय. गुडघे दुखतात, थंडीत जास्त. यंदा तरी ती निघेल की नाही, मला सांगता येत नाही. बाई म्हणतात होईल. बाई चांगल्या आहेत, पण पेपर त्या एकट्या तपासत नाहीत.

दिवाळी झाली आणि मी मेंढरांमागं आले. आता संध्याकाळी मेंढरं बसली की मी फोन लावते. बाईंनी सांगितलंय, आता तिला मनात वाचायला शिकवा, ओठ मिटून. म्हणून ती पलीकडं पुस्तक घेऊन बसते, फोन चालू ठेवते आणि मनात वाचते. मी इकडं फोन कानाला लावून बसते. कुणीच बोलत नाही.

"माय, कुणाशी बोलायलीस?" लेक विचारतो. "आवाज तर येईना."

"वाचायलीय ती."

"रेंज गेली आसंल."

"नाय. वाचायलीय."

पान उलटल्याचा आवाज आला की मला कळतं, पुढं सरकली. कधी कधी लई वेळ पान उलटत नाही. तेव्हा ती एखाद्या अवघड शब्दापाशी थांबलीय की खरंच रेंज गेलीय, ते मला इथून सांगता येत नाही. मी फोन तसाच कानाला धरून ठेवते.