अमावस्येला माग बंद

फोन नितीनचा होता. "आत्या, बाबा गेले." मी रडायच्या आत त्याचं पुढचं वाक्य... "लोकायले कामावर जायचं असते, सकाळीच उरकून टाकू." उरकून टाकू! ज्या माणसानं डाळ निवडणंसुद्धा कधी उरकलं नाही, त्याला आम्ही सकाळीच उरकलं. घाटावरून परतल्यावर अंगणात एक जण नितीनच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "नशीबवान माणूस. शेवटपर्यंत कामात होते." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. महिना झाला, अजून विझलेली नाही.

वामनदादा माझा मोठा भाऊ. आमचे वडील विणकर, घरात हातमाग होता. अमावस्येला माग बंद ठेवायचा, हा आमच्याकडचा जुना रिवाज. बंद म्हणजे लोळत पडायचं असं नाही. वडील त्या दिवशी माग पुसायचे आणि धोट्याला तेल लावायचे. धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन मागावर दिवसभर इकडून तिकडे पळणारं लाकूड. पुढे माग विकला गेला. दादा वाडीला एका ट्रान्सपोर्टमध्ये बिल्ट्या, म्हणजे ट्रकमधल्या मालाच्या पावत्या, लिहायला लागला, पण धोटा त्यानं ठेवून घेतला आणि अमावस्याही. तिथे सदा कोणीतरी त्याच्यासाठी खोळंबलेलं असायचं, कधी ड्रायव्हर, कधी हमाल, नाहीतर मालक. अमावस्येच्या सुटीबदली तो रविवारी जायचा. तरी मालक ओरडायचा, "काय गा वामन, अमावस्या आली का अंगात येते का तुझ्या?" दादा हसायचा आणि सुटी घ्यायचाच.

त्या दिवशी मी मुद्दाम माहेरी जायची. दादा अंगणात खाटेची नवार सोडून पुन्हा एकेक पट्टी ताणत बसलेला असायचा. मग निखाऱ्यावर वांगं भाजायचं. साल बोटांनीच काढायची, चटका बसला की "हाय हाय" करायचं, पण सुरी घ्यायची नाही. शेवटी धोटा. खोबरेलाचं बोट फिरवायचा, थांबायचा, पुन्हा फिरवायचा... मी पडले फटकळ. एकदा म्हटलं, "दादा, सरळ सांग ना, आळस येऊन राहिला म्हणून!" तो चिडला नाही. म्हणाला, "आळशी माणूस काम टाळते वं. मी आज तेच काम करतो, ज्याची कोणी वाट पाहून नाही राहिलं." आणि माझ्यापुढे तुरीच्या डाळीचं ताट सरकवलं. बोलता बोलता दुपार गेली. इतकी गोड दुपार मला सासरी कधी मिळाली नाही.

रिटायर झाला तेव्हा त्याचा चेहरा पोरासारखा झाला होता. "आता रोजच अमावस्या!" वहिनी ओरडली, "अहो, अशुभ काय बोलता!" पण तीही हसत होती. ते हसू पंधरवडाही टिकलं नाही. नितीनचं जरीपटक्याला मोबाईलचं दुकान. "बाबा, रिकामं बसून माणूस खचते. गल्ल्यावर बसा, टाइमपास होईल." नातेवाइकांनीही मान डोलावली. जणू घरी बसणं हा काही रोगच! दादा जायला लागला. पहिल्या अमावस्येला म्हणाला, "आज येत नाही गा." नितीन म्हणाला, "बाबा, आता माग कुठं राहिला आपल्याकडे?" दादा धोटा पिशवीत घालून दुकानात गेला. काउंटरवर तेलाची बाटली काढली, तर नितीन म्हणे, "गिऱ्हाइकायसमोर हे काय काढलं?" त्या दिवशी धोटा फडक्यात गुंडाळून कपाटात गेला. वहिनी सांगते, पुन्हा त्यानं तो बाहेर काढला नाही.

धंतोलीच्या दवाखान्यात मी त्याला शेवटची भेटले. नाकात नळी. मला जवळ बोलावून विचारलं, "अमावस्या कधी आहे वं?"

"परवा."

"नितीनले सांग, मी येत नाही म्हणा. तूच सांग. मले नाही जमत..."

स्वतःच्या पोराला एवढं सांगायला त्याला बहीण लागली. मी बाहेर व्हरांड्यात नितीनला सांगितलं. तो फोनवरून नजर न काढता म्हणाला, "आत्या, बरे तर होऊ द्या आधी." ती अमावस्या दादानं पाहिली नाही.

काल पुढची आली. मी गेले तर नितीन घरातच. मोठ्या अभिमानानं म्हणाला, "आत्या, बाबाच्या आठवणीत आता दर अमावस्येले दुकान बंद. बाहेर पाटीच लावली." फोटोला ताजा हार होता. वहिनी उठली, कपाटातून धोटा आणला आणि फडकं सोडलं. लाकूड पार कोरडं पडलं होतं. "मंदाबाई, तेल द्या," ती मला म्हणाली. नितीन शेजारी येऊन बसला, हात पुढे करून म्हणाला, "आई, दे, मी लावतो."

वहिनीनं धोटा स्वतःकडे ओढला. "तुले दुकान नाही का आज?"

"सांगितलं ना आई, बंद आहे."

"मंग त्यायच्या वेळेस काहून चालू होतं?"

नितीन उठून बाहेर गेला. मी त्याला अडवलं नाही, वहिनीनंही नाही. ती बोटानं तेल लावत राहिली. लाकडानं ते लगेच पिऊन टाकलं. मी बाटली पुन्हा तिच्यापुढे धरली.