मैदानाला वाफसा

आम्ही नवरा-बायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते शाळेमागच्या मैदानाला पाणी पाजायचं. पाइप माझ्या हातात, हौसा पदर खोचून बांधावर. "आवं, एकाच जागी काय वततासा? ऊस हाय व्हय त्यो? फिरवा की जरा!" फिरवला. मग म्हणाली, "परवा सकाळी वाफसा येतोय. परवा रूपाला खेळायला उतरवू." दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ठेवायला म्हणून गेली आणि चुलीपुढं बसली ती बसलीच...

महिना झाला. माणसं येतात, लय मायाळू होती म्हणतात. मायाळू कसली, हट्टी होती. कडेगावाकडच्या आमच्या गावात पोरी रग्बी खेळतात. अंड्यागत चेंडू काखेत मारून पळायचं, पळणारीला बाकीच्यांनी कवळा घालून पाडायचं. आमची नात रूपा त्यातलीच. मैदान मुरमाचं, उन्हाळ्यात तव्यागत. पडलं की गुडघ्याची सालटी निघायची, एकीचं तर खांद्याचं हाड मोडलं. हौसा पैलवानाची लेक. म्हणाली, "माती खणल्याबिगर तालमीत कोण उतरतंय व्हय?" पुतण्याचा ट्रॅक्टर आणून मैदान नांगरलं, वर तळ्यातला गाळ पसरला. पोरी खूश, पडलं तरी लागेना. आणि एक दिवस रूपा पळता पळता वळली... पाय मातीत रुतून तिथंच राहिला, अंग तेवढं फिरलं. गुडघ्यातली शीर तुटली.

सांगलीला ऑपरेशन झालं. दवाखान्यात हौसा सारखी म्हणायची, "कुस्तीत पळत न्हाईत, ही माझ्या टकुऱ्यात कसं आलं न्हाई ओ?" रूपाच तिला समजवायची, "आज्जी, कडक नगं आन् भुसभुशीतबी नगं." "म्हंजी वाफसा," हौसा म्हणाली. पाणी दिल्यावर चिखलही नाही आणि ढेकूळही नाही, अशी जमीन येते तो वाफसा. मग रोलर फिरवला. जन्मभर शेतातली हरळी उपटून शिव्या दिल्या, तीच हरळी मैदानात लावत बसली म्हातारी! रोज मूठभर माती आवळून खाली सोडायची. फुटली तर खेळा, गोळा राहिला तर पोरी माघारी. रूपा काठावर बसून बघायची. हौसाचं एकच, "ही उतरंल त्या दिवशी माती मी बघणार."

हौसा गेली त्या दिवशी संध्याकाळी तिला स्मशानात पोचवून आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी चपला घातल्या, तर थोरला म्हणाला, "आबा, सुतकात कुठं निघालासा?"

"वाफसा थांबतोय व्हय सुतकासाठी?"

रूपाला सोबत घेतलं. मैदानात माती आवळली, सोडली. फुटली. परत एकदा बघितली... हात हौसाचा नव्हता ना.

"आबा, आज नगं," रूपा रडत म्हणाली.

"खेळू नगंस. नुसती पळ. आन् जिथं पडलीस, तिथंच वळ."

पळाली. वळली. पाय मातीतून अलगद सुटला.