मेंदीखालची बोटं

नगरच्या एका दवाखान्यात एक्स-रेचं यंत्र आलं, तेव्हा विणकराच्या घरच्या फक्रुद्दीनला त्यावर नेमलं. यंत्राच्या विजेच्या तारा छताखालून उघड्याच गेल्या होत्या. चालू झाल्या की तडतडायच्या. एकदा त्यांनी एका हमालाला भिंतीवर फेकलं. दुसऱ्याच दिवशी फक्रुद्दीनने फरशीवर गेरूची रेघ ओढली. पुणतांब्याहून आलेली माणसं कुतूहलाने पुढे सरकली की तो त्यांना दंडाला धरून मागे ओढायचा.

किरणांना आवाज नव्हता. त्यांच्यापासून वाचायला शिशाचे हातमोजे खुंटीला होते, पण ते जड काळे हात पाहून लेकरं किंचाळायची. म्हणून तो त्यांना उघड्या हातांनी धरायचा. शिवाय रोज सकाळी यंत्राच्या चमकत्या पडद्यामागे स्वतःचा उजवा हात धरून यंत्र तपासायचा. हाडं स्वच्छ दिसली की पहिला रोगी आत.

काही वर्षांनी बोटं लाल होऊन जळजळू लागली. त्याच्या बायकोने, मुबारकबीने, थंडाव्याला मेंदी वाटून लावली. बरं वाटलं. मग ती दर जुम्याला लावू लागली. डॉक्टर कधीमधी हात तपासायचे.

"काय फक्रुद्दीन, परत नवरदेव?"

"बायकोची हौस, साहेब."

डॉक्टर हसून पुढे जायचे. मेंदीच्या रंगात कातडीचा लालपणा मिसळून गेला होता. फक्रुद्दीनला वाटायचं, हात बरा होतोय.

स्वातंत्र्य आलं त्या वर्षी दोन बोटांवरच्या भेगा चिघळल्या. डॉक्टरांनी हात खिडकीशी नेला आणि बराच वेळ धरून ठेवला.

"दुखणं हाडात उतरलं असेल तर हात मनगटापासून काढावा लागेल. आधी यंत्रावर बघून घे."

यंत्रावर आता मिरजगावचा मच्छिंद्र होता, फक्रुद्दीननेच शिकवून तयार केलेला. त्याने दिवा मालवला. फक्रुद्दीनने पडद्यामागे हात धरला. दोन बोटांची टोकं उंदराने कुरतडल्यासारखी दिसत होती.

"यंत्र बिघडलं का काय, चाचा?" मच्छिंद्र म्हणाला आणि त्याने आपला हात पुढे केला.

"मोजे घाल."

"मोज्यातनं हाडं दिसत्यात व्हय? तुमीच तर शिकवलंय."

त्याने उघडा हात फक्रुद्दीनच्या हाताशेजारी धरला. त्याची पाचही बोटं स्वच्छ दिसत होती.

"यंत्र बरं हाय," तो हळूच म्हणाला.