पाचव्या घराला टक झालं नाही

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सुभेदार शिंदे साहेबांचा फोन आला. "उद्या नऊला, गुंजवण्यात. मेडल लावून या." फोन बंद. रिटायर होऊन सहा वर्षं झाली तरी माणूस ऑर्डरच सोडतो.

मी पासलीचा. पलटणीत आर्मरर होतो. हत्यार तपासायचं, दुरुस्त करायचं आणि जवानाच्या हातात द्यायचं. गुंजवण्याचा नाईक दत्ता आमच्याच पलटणीचा. आठ वर्षांपूर्वी सीमेवरच्या चकमकीत गेला. त्याच्या स्मारकापुढं शस्त्रपूजा करून साहेबांच्या परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून एक राऊंड सलामी द्यायची, असा बेत होता. हवेत बार काढणं कायद्यात बसत नाही, हे मी फोनवरच सांगायला हवं होतं. जीभ रेटली नाही.

नऊ वाजून दहा मिनिटांनी पूजा झाली. पाटावरचं रिव्हॉल्व्हर नवरीसारखं हळदीनं माखलेलं, वर कुंकू, खोबरेल आणि झेंडूचं फूल. दरवर्षी असंच. साहेबांनी ते वरवर पुसलं, सिलिंडरच्या सहा घरांत राऊंड भरले आणि मनगटाला हिसका देऊन सिलिंडर बंद केला. सिनेमात बघून लोक हे शिकतात. त्यानं सिलिंडरचा सांधा वाकतो. दत्ताची आई, गोदाबाई, साहेबांच्या शेजारी दोन फुटांवर उभी होती. मी हात पुढं केला.

"साहेब, थांबा. आधी तपासतो."

"हवालदार, पूजा झालीय."

"एक मिनिट."

"चारचौघांत माजं हसं करतोस व्हय?"

"करतो. हत्यार द्या."

पुढं केलेला हात मी मागं घेतला नाही. शेवटी त्यांनी दिलं.

राऊंड काढून रुमालावर ठेवले. रिकाम्या हत्याराचा घोडा अंगठ्यानं सावकाश मागं ओढला. घोडा पूर्ण मागं यायच्या आत सिलिंडर फिरून खाचेत टक बसला पाहिजे. चार घरं बसली. पाचव्याला घोडा मागं अडकला, पण टक झालं नाही. बोटानं ढकलल्यावर सिलिंडर बसला. खाचा झिजलेल्या, आणि सिलिंडर फिरवणाऱ्या मागच्या दातऱ्यांत कुंकू-खोबरेलाचं वाळून घट्ट झालेलं किटण.

"घर आणि नळी समोरासमोर येत नाहीत, साहेब. गोळी नळीच्या कडेवर तासली जाते. शिसं बाजूला उडतं."

बाजूला कोण, ते मी बोललो नाही. साहेबांनी गोदाबाईंकडं पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"म्याच लावत हुतो त्याल," ते म्हणाले. "देवाचं म्हणून."

मग गोदाबाईंनी विचारलं, "दादा, माज्या दत्ताची बंदूक बी अशीच अडली व्हती का?"

आठ वर्षं बाई हे मनात धरून बसली होती. त्याची रायफल मीच तपासून दिली होती. ती परत आली तेव्हा मी एकेक भाग सुटा करून पाहिला. बिघाड निघाला असता तर मी स्वतःला कधीच माफ केलं नसतं.

"नाही, आई. मी स्वतः उघडली. मॅगझिन रिकामं होतं. शेवटच्या राऊंडपर्यंत चालली त्याची रायफल."

"म्हंजी लडून ग्येला."

"हो, आई."

त्यांनी पाटावरचं झेंडूचं फूल उचललं आणि स्मारकावरच्या दत्ताच्या नावावर ठेवलं. साहेब सावधान झाले, मीही झालो. बार न काढताच आम्ही दोघांनी सॅल्यूट केला.