मास्तरांनी फाडलेलं पान

जोगळेकर मास्तर गेल्याची चिठ्ठी देवरूखला माझ्या सासरी पोचली, तेव्हा आठवडा उलटून गेला होता. वाचून आधी दुःख नाही, शरम वाटली... एके काळी आमचं सगळं घर त्यांना पोलिसांचा माणूस समजत होतं.

रत्नागिरीच्या शाळेत ते आम्हाला निबंध शिकवत. 'समुद्र सुंदर दिसत होता' असं कुणी वाचलं, की म्हणत, हे कुठल्याही समुद्राला चालेल, पोकळ आहे. एकीने लिहिलं, खलाशाच्या टाचांच्या भेगांत मीठ पांढरं दिसत होतं. ते त्यांनी फळ्यावर लिहिलं. "हे भरीव. हा माणूस आता गर्दीतही ओळखता येईल."

कायदेभंगाचे दिवस होते. आमच्याकडे मुंबईचे म्हणून एक पाहुणे उतरले होते. मी निबंधात लिहिलं, पाहुण्यांच्या डाव्या कानाची पाळी फाटलेली आहे आणि दारावर थाप पडली की ते हातातला घास ताटात ठेवतात. मास्तरांनी वही ठेवून घेतली. दुसऱ्या दिवशी परत दिली तेव्हा ते पान फाडलेलं होतं. पुन्हा लिही, म्हणाले. पाहुणे आले, चांगले होते, एवढं पुरे. मास्तरांच्या तोंडी हे चमत्कारिकच वाटलं. तिसऱ्या दिवशी पोलिसांनी पाहुण्यांना आमच्या माजघरातून नेलं. मी वडिलांना, नानांना, पानाचं सांगितलं आणि त्यांनी माझी शाळा बंद केली. मग मास्तर हवालदाराशी दोन शब्द बोलताना दिसले, पायांत नवे जोडे दिसले, की आम्हाला तेवढं पुरायचं. ते रस्त्याने जाताना आई खिडकी लावून घ्यायची.

दोन वर्षांनी पाहुणे सुटून आले. त्यांच्याकडून कळलं, की खबर त्यांच्या सख्ख्या मेव्हण्याने पालीहून दिली होती. नाना मला घेऊन मास्तरांकडे गेले, माफी मागितली. मास्तर मलाच म्हणाले, "तू पाहिलंस ते खरंच होतं. पान मीच फाडलं. का, एवढं विचारायचं राहिलं तुझं." मी तेव्हाही विचारलं नाही... धीर झाला नाही.

परवा मास्तरांच्या पत्नीला, काकूंना, भेटायला गेले. मास्तरांच्या खोलीत मुलांच्या तपासायच्या राहिलेल्या वह्या तशाच होत्या. तिथे बसून मी काकूंना त्या पानाचं विचारलं.

"न्हाणीच्या चुलीत घातलंनी," काकू म्हणाल्या. "पुरतं जळेपर्यंत तिथून हलले नाहीत. म्हणाले, इतकं चांगलं आजवर एकाही मुलाने लिहिलं नव्हतं. त्या दिवशी जेवले नाहीत."