मला 'जर-तर' लगेच समजलं

कम्युनिटीतल्या मंडळींनो, अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, तेरावं परवा झालं. आज पुन्हा कॉलेज रोडच्या इंग्लिश स्पीकिंग क्लासला गेले. घरी बसून तरी काय करणार?

जे घडलं नाही आणि आता घडणारही नाही, त्याचं 'जर-तर'चं वाक्य इंग्रजीत कसं करायचं, ते सर शिकवत होते. बाकीचे गोंधळले. मला लगेच समजलं. इतके दिवस घरात दुसरं काही ऐकलंच नव्हतं.

भेटायला येणारा प्रत्येक जण आईसमोर बसतो, पाणी पितो आणि तेच बोलतो. चांदवडची आत्या म्हणाली, "टायमावर मोठ्या दवाखान्यात नेलं असतं तं वाचला असता माझा भाऊ." मनमाडचे काका म्हणाले, "मुंबईला हलवलं असतं तर आज इथे बसलेले दिसले असते." आई नुसती मान हलवते.

सरांनी मला उभं केलं. मी आत्याचं वाक्य इंग्रजीत सांगितलं. एकही चूक नाही. "व्हेरी गुड," सर म्हणाले. टाळ्या वाजल्या. मी खाली बसले. रडूबिडू काही आलं नाही.

घरी आले तर दारात पुन्हा चपला.

तुमच्याकडे भेटायला येणारे दुसरं काही बोलतात का? बोलत असतील तर इथे लिहा. आईला वाचून दाखवीन.