बाबांचं वाक्य मी बदललं

हे आजवर कुणाला बोललो नाही. बायकोलाही नाही. तुम्हालाच का सांगतोय — ठाऊक नाही.

बाबा सैन्यातून निवृत्त झालेले. पाच वर्षांपूर्वी ते साताऱ्याहून आमच्याकडे अमेरिकेत, हर्नडनला आले, तेव्हा त्यांना आणि माझ्या बारा वर्षांच्या मुलीला, ईराला घेऊन मी तीन तास ड्राइव्ह करून एक म्युझियम बघायला गेलो. अमेरिकेतल्या यादवी युद्धात एका सेनापतीने दुसऱ्यापुढे जिथे शस्त्रं खाली ठेवली, ते घर. दोन टेबलं, काही खुर्च्या. बाबा हात मागे बांधून बघत होते.

तिथे माहिती सांगणारे गृहस्थ स्वतः माजी सैनिक. बाबाही फौजी आहेत म्हटल्यावर त्यांनी हात मिळवला आणि विचारलं — तुमच्या लढाईत तोफा थांबल्या, त्यानंतरच्या पहिल्या तासात तुम्ही काय केलंत?

मी प्रश्न मराठीत सांगितला. घरी बाबांनी लढाईचा विषय कधीच काढला नव्हता. मग म्हणाले, "पलीकडचा एक जखमी पोरगा पाणी मागत होता. माझ्याकडे होतं. मी दिलं नाही. सांग त्यांना."

खोलीत दहा-बारा माणसं. सगळी माझ्याकडे बघत होती; मराठी न कळणारी ईराही. मी इंग्रजीत म्हणालो — दोन्हीकडच्या जवानांनी मिळून मिठाई खाल्ली.

लोक हसले. कुणीतरी बाबांच्या पाठीवर थाप मारली. ईरासाठी असं केलं म्हणावं, तर तेही खरं नाही. त्या अनोळखी माणसांपुढे मला लाज वाटली — बापाची. एवढंच.

पार्किंगमध्ये बाबांनी विचारलं, "सगळं सांगितलंस ना?"

मी हो म्हणालो.

त्यांना इंग्रजी बोलता येत नसे. पण 'स्वीट्स' कळत नसेल का? त्यांनी सीटबेल्ट लावला. तो विषय पुन्हा कधी निघाला नाही. दोन वर्षांपूर्वी ते गेले.

ईरा आता सतरा वर्षांची आहे. कॉलेजच्या अर्जासाठी तिने आजोबांवर निबंध लिहिला — शत्रूसोबत मिठाई वाटून खाणारा सैनिक. गेल्या रविवारी मला तपासायला दिला. छान लिहिलाय.

स्पेलिंगच्या दोन चुका होत्या. त्या दुरुस्त करून मी तो तिला परत पाठवला.